नावाचा रकाना

यशोधननं ओंजळभर सोनचाफ्याची फुलं आणून ओट्यावर ठेवली आणि ईश्वरीच्या हातातलं उलथनं खाली पडलं.

"अगं, पोळी करपतेय," तो हसत म्हणाला आणि स्वतःच गॅस बारीक केला. "बघ तरी काय फुललंय झाड! रोपवाटिकेच्या कोपऱ्यात एवढं सोनं लगडलंय, आणि आपण कधी एक फूल म्हणून तोडत नाही. वेडेच की आपण. घाल की केसांत."

ईश्वरीला वाटलं, थट्टा करतोय. मग वाटलं, ही कसली थट्टा? यशोधन मगदूम असली थट्टा मरून जाईल पण करणार नाही. सहा वर्षांत त्या झाडाच्या एका पाकळीला त्यानं कुणाला हात लावू दिला नव्हता. एकदा कामाला येणाऱ्या सुशीलाबाईंनी न कळत एक फूल वेणीत माळलं, तर हा गडी तीन दिवस कुणाशी बोलला नव्हता. खाली पडलेली फुलंसुद्धा तो झाडूनं लोटायचा नाही, एकेक वेचून बुंध्याशी ठेवायचा.

"यशो, ते झाड कुणी लावलं?" तिनं जपून विचारलं.

"मीच लावलं असणार. इथं दुसरं कोण लावतंय?"

"कशासाठी?"

"चाफा कशासाठी लावतात? वासासाठी." तो तिच्याकडे बघून गोंधळला. "काय झालं? अशी का बघतेस?"

"मी दवाखान्यात होते ते वर्ष आठवतंय? झाड त्याच वर्षीचं आहे."

"हां हां, टायफॉइड झालता की तुला! बाप रे, काय वाळली होतीस तेव्हा." आणि तो शिट्टी वाजवत हात धुवायला निघून गेला.

ईश्वरीनं गॅस बंद केला. तिला जन्मात कधी टायफॉइड झाला नव्हता. त्या वर्षी ती दवाखान्यात होती ते बाळंतपणासाठी. लेक झाली होती. घारे डोळे, डोक्यावर हे एवढं जावळ. बारशाला तीन दिवस राहिले असताना बाळाला ताप भरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं आटोपलं. एवढ्या लहान जिवाला अग्नी देत नाहीत, म्हणून यशोधननं तिला स्वतःच्या रोपवाटिकेत, आपल्याच हातानं खड्डा काढून ठेवलं, आणि वर चाफ्याचं रोप लावलं.

तो माणूस आज त्या झाडाची फुलं घेऊन शिट्टी वाजवत घरात आला होता.

*

ही अशी गोष्ट घडू शकते, हे मिरजेत ईश्वरीइतकं दुसऱ्या कुणालाही ठाऊक नव्हतं. कारण ज्या साच्यातून हे घडलं तो तिनंच तयार केला होता.

तीन महिन्यांपूर्वी यशोधनच्या डोक्यात गाठ निघाली. जागा मोठी वाईट होती. मेंदूच्या ज्या भागात माणसांची ओळख बांधलेली असते, नेमक्या त्याच भागात ती मूळ धरून बसली होती. गाठ काढायची तर तो भागही जाणार. पाच-सात वर्षांपूर्वीची गोष्ट असती तर डॉक्टरांनी सांगितलं असतं, जीव वाचेल, पण हा बायकोलाही ओळखणार नाही. आता तशी वेळ उरली नव्हती. ईश्वरी जिथं कामाला होती त्या मिरजेच्या स्मृतिकेंद्रानं त्यावर तोड काढली होती. शस्त्रक्रियेआधी रोग्याच्या डोक्यावर वाचकटोप चढवायचा. तीन दिवस त्याला बोलतं करायचं, फोटो दाखवायचे, वास द्यायचे, गाणी ऐकवायची आणि त्या भागातली एकूण एक ओळख वाचून घ्यायची. मग गाठ काढायची, रिकाम्या जागी रोग्याच्याच पेशींपासून वाढवलेलं कोवळं कलम बसवायचं आणि जपून ठेवलेल्या ओळखी त्यावर पुन्हा लिहायच्या. यशोधन द्राक्षाची कलमं बांधणारा. त्याला हे चटकन समजलं होतं. "म्हणजे खुंट माझा आणि त्यावर बांधायचा डोळाही माझाच," तो तेव्हा म्हणाला होता.

पण जपून ठेवायचं म्हणजे कुठं? तर क्लाउडवर, दूर कुठंतरी थंडगार हॉलमध्ये घरघरणाऱ्या यंत्रांच्या डेटाबेसमध्ये. आणि गंमत अशी की, त्या डेटाबेसला माणूस म्हणजे काय ते ठाऊक नसतं. त्याला अक्षरं समजतात, आकडे समजतात, हो-नाही समजतं, फार तर याद्या समजतात. तुम्ही त्याला "माझी आजी" असं अख्खंच्या अख्खं देऊ शकत नाही. आजीचे तुकडे पाडावे लागतात. नाव एका रकान्यात, नातं दुसऱ्यात, चेहरा तिसऱ्यात, मग आवाज, वास, तिच्याबरोबरचे प्रसंग, आणि शेवटी 'ओढ', म्हणजे त्या माणसासाठी जीव किती तुटतो त्याचा आकडा. कुठल्या माणसाचे कुठले तुकडे, ते कुठल्या रकान्यात बसवायचे आणि परत काढताना कसे जोडायचे, हे ठरवणारा साचा ईश्वरीनं बनवला होता. आणि साच्याचा स्वभाव असा असतो की, जे रकान्यात बसतं ते जातं. जे बसत नाही ते बाहेर राहतं आणि कुणाला त्याचा आवाजही येत नाही.

सुरुवातीला भलताच घोळ झाला होता. माणसाच्या डोक्यात किती माणसं असतात म्हणून सांगावं! बसस्टॉपवर दिसलेली, जत्रेत धक्का लागलेली, बँकेच्या रांगेत पुढं उभी असलेली. लाखोंनी चेहरे. साठा फुगत चालला, लिहायला लागणारा वेळ वाढत गेला आणि कोवळं कलम तेवढं सोसेना. तेव्हा ईश्वरीनं एक साधा नियम घातला. ज्या माणसाच्या नावाचा रकाना रिकामा, ते माणूस गाळायचं. बस्स. ज्याचं नावसुद्धा आपल्याला ठाऊक नाही, ते आपलं कोण लागतं? एका ओळीच्या नियमानं सगळं सुरळीत झालं. त्या दिवशी केंद्रात सगळ्यांनी भडंग खाल्लं होतं आणि केंद्राचे प्रमुख कित्तूर सरांनी तिची पाठ थोपटली होती.

यशोधन शुद्धीवर आला तेव्हा त्यानं सगळ्यांना ओळखलं. ईश्वरीला, बहिणीला, पंप दुरुस्त करणाऱ्या इस्माईलला, अगदी कुत्र्यालासुद्धा. लोक टाळ्या वाजवत होते आणि ईश्वरी रडत होती. घरी आल्यापासून तो शिट्टी वाजवायला लागला होता. ती म्हणत होती, जीव वाचला म्हणून खूश आहे.

काय ही अक्कल! बाळाचं नाव ठेवायचं राहून गेलं होतं, आणि हे तिच्या, म्हणजे बाळाच्या आईच्या, एकदासुद्धा डोक्यात आलं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी केंद्रात पोचताच तिनं यशोधनचं कच्चं वाचन उघडलं. कच्चं म्हणजे साच्यात घालण्याआधीचं, टोपानं जसं टिपलं तसं. गाळलेल्यांच्या ढिगात शोधायला फार वेळ लागला नाही. ओढीच्या क्रमानं लावलं तर सगळ्यात वर तेच होतं.

नातं: मुलगी. चेहरा: आहे. वास: आहे. आवाज: आहे. ओढ: पट्टी संपते तिथं. नाव: काही नाही.

खाली यंत्राचा लाल शेरा होता, 'अपूर्ण. गाळले.'

ईश्वरीनं दोन्ही हातांनी टेबल घट्ट धरलं. नातं 'मुलगी' लिहिलं होतं हो! यंत्रानं ते वाचलं होतं. ओढ मोजली होती. पण तिनं यंत्राला फक्त नावाच्या रकान्यात बघायला सांगितलं होतं, आणि यंत्र बिचारं सांगितलेलं ऐकतं.

चंद्रहास कित्तूरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. ऐकता ऐकता त्यांचाही चेहरा उतरला.

"पण मग त्याला ती पोकळी जाणवायला हवी होती," ते म्हणाले.

"नाही जाणवत सर. भोक पडलं की मेंदू ते रफू करून टाकतो. मी दवाखान्यात होते हे त्याला आठवतं. कशासाठी, ते आठवत नाही. मग त्याच्या मेंदूनं मला टायफॉइड दिला."

कित्तूरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "कलम अजून कोवळं आहे. आणखी एकदा लिहिता येईल. पण कच्चं वाचन..."

"शुक्रवारी पुसलं जाईल," ईश्वरी म्हणाली. कायदाच तसा होता. कुणाचंही उघडं मन मुदतीबाहेर साठवायचं नाही.

"मग सोपं आहे. रकान्यात नाव टाक. घरचंच प्रकरण आहे, नियमातही बसतं. यशोधनची संमती घे, गुरुवारी लिहून टाकू. बोभाटा व्हायचं कारण नाही."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे कोण?"

"सर, हा नियम एकट्या यशोसाठी नव्हता. दोन वर्षांत इथून जेवढे रोगी गेले, त्या सगळ्यांना तोच साचा लावलाय आपण."

"ज्याला आठवतच नाही, त्याला दुःख कसलं? कुणाची तक्रार आलीय का?"

तक्रार आली होती. शिराळ्याच्या एका मुलाची. त्याचे वडील, महादू खोत, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. लहानपणी त्यांना नाग चावला होता, आणि वाटेनं जाणाऱ्या कुणा एका बाईनं पोराला पाठीवर टाकून दवाखान्यापर्यंत पळत नेलं होतं. पोर वाचलं. बाई डोक्यावरचा भारा उचलून आपल्या वाटेनं निघून गेली. नाव-गाव विचारायचं कुणालाच सुचलं नाही. तेव्हापासून दर नागपंचमीला महादू खोत एक ताट त्या बाईचं म्हणून वाढून ठेवायचे आणि नंतर गाईला घालायचे. यंदा सुनेनं ताट वाढलं, तर म्हणाले, हे कुणाचं? कोण येणार आहे? मुलानं कळवळून केंद्राला कळवलं होतं. आणि ईश्वरीनं चहा पिता पिता उत्तर पाठवलं होतं, की शस्त्रक्रियेनंतर किरकोळ विस्मरण स्वाभाविक आहे, काळजी नसावी.

किरकोळ! तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

*

संध्याकाळी जयसिंगपूरहून पद्माक्का आली. ही यशोधनची थोरली बहीण. ईश्वरीनं फोनवर नुसतं "या" म्हटलं तर आक्का मिळेल त्या गाडीनं आली. यशोधन रोपांना पाणी द्यायला गेला होता आणि त्याची शिट्टी घरापर्यंत ऐकू येत होती.

आक्कानं सगळं ऐकलं. आधी तोंडाला पदर लावला. मग डोळे पुसून ठामपणे म्हणाली, "सांगू नकोस त्याला."

"आक्का!"

"नको सांगूस म्हणते ना. ती शिट्टी ऐकतीस? बारा वर्षांचा असल्यापासून वाजवतोय माझा भाऊ. सहा वर्षं बंद होती. आई गेली तेव्हासुद्धा अशी बंद नव्हती पडली. डॉक्टरनं न मागता काटा काढलाय बाई, आता तू तोच परत घेऊन टोचणार? कशासाठी? यंत्रानं चूक केली म्हणून?"

"चूक यंत्रानं नाही, मी केली."

"मग देवानं तुझ्याकडून करवली म्हण, आणि सोड."

खरं सांगायचं तर काल रात्रीपासून ईश्वरीच्याही मनात तेच येत होतं. तो हसत होता, दोन वेळा जेवत होता. काल जेवताना तर म्हणाला होता, आपण कधी पोराबाळांचा विचारच केला नाही, नाही का? आणि तिनं मानेनं नाही म्हटलं होतं. बाळाच्या आईनं! त्या नुसत्या मान हलवण्यात ती लेकीला दुसऱ्यांदा पुरून आली होती.

"आक्का," ती शेवटी म्हणाली, "तुम्हाला नाव आठवतं?"

नाव त्या दोघींनीच ठरवलं होतं. आत्यानं पाळण्यात वाकून कानात सांगायचं, तोवर बापालासुद्धा कळू द्यायचं नाही, असा मगदुमांच्या घरचा हट्ट होता. यशोधननं किती लाडीगोडी लावली होती तेव्हा! पहिलं अक्षर तरी सांगा, म्हणायचा. या दोघी हसून लोटपोट व्हायच्या. नंतर ते नाव घ्यायची वेळच आली नाही. मेलेल्या बाळाचं नाव कुणी विचारतं का?

"रोज आठवतं," आक्का म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "कुणाच्या कानात सांगायचं राहिलं ना ते. गळ्यातच अडकून बसलंय माझ्या."

मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. बाहेर यशोधन शिट्टी वाजवतच होता.

*

बुधवारी सकाळी ईश्वरीनं त्याला चाफ्याखाली नेलं आणि सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. दिवस गेले तेव्हापासून ते खड्ड्यावर माती लोटली तिथपर्यंत.

यशोधन ऐकत होता. प्रथम हसला, मग हसू मावळलं, मग तो झाडापासून दोन पावलं मागं सरला.

"इथं? खाली?"

"हो."

"आणि मी... मी नेलं?"

"तूच. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाहीस."

त्यानं आपले दोन्ही तळवे समोर धरून पाहिले. बराच वेळ पाहत राहिला.

"ईश्वरी, मला काही वाटत नाहीये गं. पेपरात वाचावं कुणाचं तरी, तसं वाटतंय. बिचारी माणसं, असं. माझीच मुलगी म्हणतेस, आणि मला तुझी दया येतेय. मी काय राक्षस आहे का?"

"तू राक्षस नाहीस. मी गाळली तिला, तुझ्यातून." आणि तिनं नियमाचंही सांगितलं. तिला वाटलं, आता चिडेल, निघून जाईल. तो चिडला नाही. खाली पडलेलं एक फूल उचलायला वाकला आणि हात तसाच अर्ध्यावर राहिला.

"परत लिहिलं तर?"

"तर सगळं येईल. तिचा वास, आवाज. आणि ती सकाळसुद्धा. सहा वर्षांत तू ते हळूहळू सोसायला शिकला होतास. आता एकदम अंगावर येईल. आक्का म्हणतात, नको. तू नको म्हणालास तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

"तुला काय हवंय?"

"मला विचारू नकोस."

"तुलाच विचारणार. दुसरं कुणाला विचारू?"

तेव्हा मात्र तिचा बांध फुटला. "मला एकटीला नाही आठवायचं रे तिला! आपण दोघं होतो म्हणून मी उभी राहिले. तू तिथं त्या झाडापाशी बसायचास आणि मी खिडकीतून बघायचे. कधी बोललो नाही आपण, पण मला ठाऊक असायचं. आता जगात ती फक्त माझ्या डोक्यात आहे. उद्या मी मेले की ती झालीच नव्हती."

यशोधन तिच्याजवळ मातीत बसला. मग त्यानं विचारलं, "परवापासून कुठं रडत होतीस?"

"बाथरूममध्ये. नळ सोडून."

"म्हटलं टाकी एवढी लवकर कशी संपतेय." तो उठला, पँटची माती झटकली. "चल. सही कुठं करायची ते सांग. आणि नाव काय तिचं?"

"ते आक्का सांगतील. मान त्यांचा आहे."

*

त्याच दुपारी ईश्वरी केंद्रात बसली. समोर लेकीचं ते एवढंसं वाचन आणि रिकामा रकाना. तिनं नाव टाइप केलं. सहा वर्षांत पहिल्यांदा ते नाव डोळ्यांना दिसलं. लाल शेरा गेला आणि हिरवी खूण आली. झालं! एवढंच करायचं होतं. उठून घरी जाता आलं असतं.

पण तिच्या डोळ्यांपुढून शिराळ्याचं ते ताट हलेना. त्या बाईच्या रकान्यात कोण नाव टाकणार होतं? तिला नाव नाही म्हणून तर ती महादू खोतांची एवढी होती.

तिनं टाइप केलेलं नाव पुसलं. मग साचा उघडला आणि तो एका ओळीचा नियम काढून टाकला. त्या जागी दुसरा लिहिला. नाव असो वा नसो, ओढ असेल तर माणूस ठेवायचं. गर्दी गाळायला ओढीचा आकडा पुरेसा होता. हे आधी का सुचलं नाही?

मागं कित्तूर सर येऊन उभे राहिले होते. त्यांनी अडवलं नाही, होही म्हटलं नाही. ईश्वरीनं कच्ची वाचनं मुदतीत शिल्लक होती तेवढ्या सगळ्या रोग्यांना नवा साचा लावला. आणि पडद्यावर माणसं उभी राहू लागली. नाव नाही, नाव नाही, नाव नाही. कुणाच्या जिवावरच्या दुखण्यात रक्त देऊन निघून गेलेला एक तरुण. कुणाच्या शाळेच्या वाटेवर रोज एक पेरू हातात ठेवणारी म्हातारी. कुणाची पाच महिन्यांत पोटातच गेलेली जुळी. यशोधनच्या वाचनात लेकीशेजारी एक अनोळखी माणूस निघाला. त्या सकाळी बांधावरून जात होता, काही न विचारता आत आला आणि खड्डा काढू लागला होता. ईश्वरीला हे माहीतच नव्हतं. यशोधन कधी बोलला नव्हता.

"अरे देवा," कित्तूर सर खुर्चीत बसले. "आपण हे सगळं... कचरा म्हणून?"

"हो सर."

"आणि ज्यांची वाचनं पुसली गेली?"

"ती गेली. त्यांना परत काही देता येणार नाही. सांगता तेवढं येईल."

"कोण सांगणार?"

"मीच की. दुसरं कोण!"

पहिला फोन तिनं शिराळ्याला लावला. महादू खोतांच्या मुलानं सगळं ऐकून घेतलं. तिनं माफी मागितली तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, माफीचं राहू द्या. आमच्या अण्णांच्या डोक्यातनं गेली, म्हणजे ती बाई आता कुठंच नाही का?"

"तुम्हाला ठाऊक आहे ना तिची गोष्ट?"

"मला? शंभर वेळा ऐकलीय."

"मग तुमच्यात आहे. अण्णांना तुम्ही सांगा. त्यांना ती दुसऱ्याची गोष्ट वाटेल, पण सांगा. आणि ताट वाढा."

"वाढतो," तो म्हणाला, आणि फोन ठेवण्याआधी पुढं म्हणाला, "पण फार वाईट केलंत तुम्ही."

"हो," ईश्वरी म्हणाली.

*

गुरुवारी लिहून झालं. यशोधनच्या डोक्यावरचा टोप काढला तेव्हा ऊन खिडकीतून थेट पलंगावर आलं होतं. एका बाजूला ईश्वरी, एका बाजूला आक्का. आक्का रात्रभर झोपली नव्हती आणि ईश्वरीशी अजून धड बोलत नव्हती.

त्यानं डोळे उघडले. छताकडे पाहिलं. आक्काकडे पाहिलं, ईश्वरीकडे पाहिलं. सगळं ठीक वाटत होतं. ईश्वरीला वाटलं, लिहिलं गेलंच नाही की काय?

मग त्याच्या छातीतून एक आवाज निघाला. सहा वर्षांपूर्वी त्या सकाळी निघाला होता तोच. तो धडपडत उठून बसला आणि त्यानं ईश्वरीचे दंड असे आवळले की तिला कळ आली. त्याचे डोळे भीतीनं विस्फारले होते.

"फुलं," तो म्हणाला. "ईश्वरी, मी तिची फुलं तोडली."

हे ईश्वरीच्या हिशेबात नव्हतं. लेक परत आली, पण मधले दिवस कुठं गेले होते? तेही होतेच. ती शिट्टी, ती ओंजळभर फुलं, तो टायफॉइड, सगळं त्याला आता लेकीसकट आठवत होतं.

"शिट्टी वाजवत तोडली गं! वेडेच की आपण, असं म्हणालो. मी, मी असं कसं..."

"तू नाही यशो. तुला माहीत नव्हतं."

"माझ्या हातांना तरी माहीत असायला हवं होतं!"

तो तळवे चादरीवर घासू लागला. ईश्वरीनं ते दोन्ही हात धरले, तोंडाशी नेले आणि तिथंच धरून ठेवले. "ऐक. मी नाही टाकली ती फुलं. घरी वाटीत पाण्यात ठेवलीत. सुकलीत, पण वास आहे. लेकीच्या झाडाची पहिली फुलं तिच्या बापानं तोडून तिच्या आईला दिली. एवढंच झालंय. दुसरं काही झालेलं नाही."

तो हुंदक्यांनी गदगदत होता आणि तीही. आता त्यासाठी तिला नळ सोडावा लागत नव्हता.

आक्का इतका वेळ भिंतीला टेकून बघत होती. ती पुढं आली. डोक्यावरून पदर घेतला, ओले गाल पुसले आणि पाळण्यावर वाकावं तशी भावाच्या कानाशी वाकली.

"कुर्रर्र," ती म्हणाली. पुढं काय म्हणाली ते ईश्वरीला ऐकू आलं नाही, पण तिला ते ठाऊक होतं.

यशोधनचं रडणं थांबलं नाही. रडता रडताच त्यानं ते नाव तोंडात घोळवून पाहिलं आणि मग एकदा मोठ्यानं म्हटलं.

"रेवा."

दाराशी टोप पुसत उभी असलेली परिचारिका दचकली. तिनं समोरच्या पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, हा रकाना रिकामाच आहे. आता नाव घालू का?"

"नको," ईश्वरी म्हणाली. "राहू दे तसाच."